टिटवीची शाळा आणि शेकरूकाकांची मोजणी

डोंगराच्या पायथ्याशी ऐन, हिरडा आणि मोहाचे दाट रान होते. ते रान संपून खडकाळ माळ जिथे सुरू होई, तिथे एक टिटवी राहत असे. टिटवी कशी असते ते तुम्हाला माहीत आहेच. ती निजते तीसुद्धा पाय वर करून. न जाणो, आभाळ पडले तर झेलायला कोणीतरी हवे! आपल्या या टिटवीला तर दिवसाही चैन नसे. पान गळले की ती ओरडे, ढग आला की ओरडे, गोगलगाय वाट ओलांडू लागली तरी ओरडे. त्यामुळे तिच्या ओरडण्याकडे रानात कोणी ढुंकूनही पाहत नसे. "टिटवीच ती, ओरडायचीच," असे म्हणत चितळे पुन्हा चरायला लागत.

आदल्या उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावर मोठा वणवा लागला होता. तिकडचे जे प्राणी वाचले ते होरपळून, खोकत खोकत या रानात आले. पिसारा जळालेला एक मोर आला, एकाच कानाचा ससा आला, धुराने आवाज बसलेले भेकर आले, साळिंदर आले, खवले मांजर आले. अर्धपोटी का होईना, त्यांना खायला मिळे. मिळत नव्हती ती जागा. आता रानात जागेला काय तोटा, असे तुम्ही म्हणाल. पण कळपाच्या मध्ये निजणारा सकाळी उठतो, आणि कडेला एकटा निजणारा उठेलच असे नाही, हे रानातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. आलेल्यांनी प्रत्येक कळपाकडे जाऊन विचारून पाहिले. सगळीकडून एकच उत्तर आले : "आमच्या उपयोगाचे असाल तर या."

टिटवीला हे बघवेना. तीन दिवस ती माळावरच्या गोट्यांवरून नुसती येरझाऱ्या घालत होती. चौथ्या दिवशी ती तडक पाणवठ्यावर गेली आणि चितळांच्या म्होरकीसमोर उभी राहिली.

"शत्रू येतो तो माळावरून, आणि तुम्ही पाणी पिता ते इथे, टेकाडाच्या अलीकडे," टिटवी म्हणाली. "मी ओरडते, पण तुम्ही ऐकत नाही."

"तू गोगलगायीलाही ओरडतेस," म्होरकी म्हणाली.

"ते राहू द्या. माळापासून पाणवठ्यापर्यंत दहा चौक्या करू. दर चौकीवर एक राखणदार बसवू. मी ओरडले की पहिल्याने नीट बघायचं. गोगलगाय असली तर गप्प बसायचं. रानकुत्री असली तर पुढे हाक द्यायची. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दहाव्या चौकीवरून हाक आली की ती खरी समजायची आणि पळायचं."

"राखणदार कुठून आणायचे?"

"वणव्यातून आलेत ते आहेत ना! मी त्यांना शिकवते. मात्र शिकून उभे राहिले की त्यांना कळपात घ्यायचं."

म्होरकीने कान हलवले. उन्हाळा तोंडावर होता, रानात पाणवठा एवढा एकच उरणार होता, आणि मागच्या वर्षी तिची दोन पाडसे त्याच पाणवठ्यावर गेली होती. "उभे राहिले तर घेऊ," ती म्हणाली. "कडेला नाही, मध्ये घेऊ."

अशी टिटवीची शाळा सुरू झाली. सावली नाही, भिंत नाही, नुसते गोटे. मान न हलवता चहूकडे कसे बघावे, वारा कुठून येतो ते कसे ओळखावे, भूक लागली तरी जागा कशी सोडू नये, आणि सगळ्यात शेवटी, हाक कशी द्यावी. हे सगळे यायला चाळीस दिवस लागत. चाळीस दिवस गोट्यांवर बसायचे तर चरायला कधी जायचे? म्हणून टिटवी घरोघर फिरून दान मागू लागली. दान मिळत नसे असे नाही. एखाद्या दिवशी सगळ्या रानाला एकदम दया येई आणि उंबरांचा एवढा ढीग पडे की निम्मी कुजून जात. मग पुढचे नऊ दिवस कोणी फिरकत नसे. उपाशी विद्यार्थी दहाव्या दिवशी शाळा सोडून जाई. एक होला पक्षी असाच अर्धवट शिकून गेला आणि दहाव्या चौकीवर बसला. वाऱ्याने गवत हलले, त्याने घाबरून हाक दिली, कळप उधळला आणि एक म्हातारे चितळ दरीत पडले. त्या दिवसापासून जो तो टिटवीला म्हणू लागला, "बाई, पुरे कर तुझी शाळा."

एवढ्यात एके सकाळी शेकरूकाका झाडावरून खाली उतरले. शेकरूकाका म्हणजे रानातले बडे प्रस्थ. त्यांची एका झाडावर एक अशी सात घरटी, आणि सातही घरट्यांत बिया, सुकी उंबरे आणि आंब्याच्या कोया ठासून भरलेल्या. ते जमिनीवर सहसा पाऊल ठेवत नसत. म्हणून ते आले तेव्हा टिटवी आधी सवयीने ओरडली आणि मग ओशाळली.

"टिटवे, तुझी शाळा मला पटते," शेकरूकाका म्हणाले. "दान मात्र पटत नाही. दान देणारा देतो आणि विसरतो. मी तुला चाळीस दिवस रोज पुरेल एवढं खाणं देईन, एक दिवसही चुकणार नाही. माझ्या झाडाखालचं वारूळ आहे, ते तुझ्या त्या खवले मांजराला मोकळं. पण हे दान नव्हे. मी यात माझी बेगमी घालतोय."

"म्हणजे परत द्यायचं?" टिटवीने विचारले.

"तू नाही द्यायचंस. चितळांशी मी बोललोय. करवंदं काळी होतील त्या दिवशी मी येईन. चौकीवर जितके राखणदार उभे असतील, तितक्या मोहाच्या झाडांखालची फळं चितळं तोंडात घालणार नाहीत. ती माझी. दहा उभे असले तर माझं गेलं त्याहून थोडं जास्त परत येईल, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा तुझ्या शाळेला देईन. तीनच उभे असले तर माझी घरटी रिकामी आणि पावसाळा माझ्या डोक्यावर. मग शाळा बंद. कबूल?"

मुलांनो, यात वाईट काही नव्हते. शेकरूकाका लबाड नव्हते, टिटवी लबाड नव्हती. पोटभर खाणे रोज वेळेवर येणार होते, आणि शाळेला आजवर तेच तर मिळाले नव्हते. टिटवी म्हणाली, "कबूल."

पळस फुलला तशी शाळा भरली. दहा विद्यार्थी आले आणि एकालाही उपाशी बसावे लागले नाही. टिटवीचा पहिला आठवडा इतका आनंदात गेला की ती एका ढगाला ओरडायची चक्क विसरली.

मग हाक देण्याचा धडा आला. मोराने मान ताणून अशी हाक दिली की टेकाड दणाणले. आणखी पाच जणांनाही थोड्याफार प्रयत्नाने जमले. उरलेल्या चौघांचे मात्र कठीण दिसू लागले. भेकराच्या घशातून नुसता वारा निघे. एककान्या सशाला हाक कुठून आली तेच कळत नसे. साळिंदर तोंड उघडी आणि लाजून मिटून घेई. आणि खवले मांजर! ते बिचारे मुळात दिवसा झोपणारे. तरी शाळेसाठी डोळे चोळत, ठेचकाळत वेळेवर यायचे. टिटवी म्हणे, "समज, रानकुत्री आली. आता काय करशील?" रानकुत्री एवढा शब्द कानावर पडला की खवले मांजर गपकन स्वतःला मिटून घेई. नाक पोटात, शेपूट वरून, आणि गोट्यांवर एक गोल गठुडे. मग अर्धा तास त्याच्या उघडण्याची वाट बघायची.

"अरे खवल्या, तूच मिटलास तर कळपाला सांगणार कोण?"

"उद्या नक्की ओरडेन, बाई," आतून आवाज येई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टिटवीला झोप लागेना. पूर्वी तिला आभाळाची काळजी असे. आता करवंदांची काळजी लागली. रोज सकाळी ती करवंदीच्या जाळीकडे उडत जाई आणि फळे अजून हिरवीच आहेत ना ते बघून येई. दहातले चार गेले तर सहा. त्यातला एखादा आजारी पडला तर पाच. पाच म्हटले की शेकरूकाका काय म्हणतील? पुढच्या वर्षी देतील का? नाही दिले तर पुढच्या वर्षी येणाऱ्यांचे काय होईल? असे एकातून एक निघत जाई आणि ती गोट्यांवरून येरझाऱ्या घाली. विसाव्या दिवशी समोरच्या जांभळीवर वानरांची चार तरणी पोरे उगाच खोकत, हुंदडत बसलेली तिला दिसली. वानराला पहारा शिकवावा लागत नाही. उंच बसणे आणि लांबून बिबट्या दिसला की खाकरणे हे ते आईच्या पोटातून शिकून येते.

टिटवी त्या झाडाखाली किती वेळ उभी राहिली ते तिलाच आठवत नाही. शेवटी तिने विचारले, "काय रे, चौकीवर बसाल का? करवंदं काळी होईपर्यंत. रोज खाणं मिळेल."

"कोया मिळतील?" एकाने विचारले.

"मिळतील."

"मग बसू की! नाहीतरी बसलेलेच आहोत."

दुपारी टिटवीने त्या चौघांना बाजूला बोलावले. भेकराकडे, सशाकडे, साळिंदराकडे तिला बघता येईना, म्हणून ती खवले मांजराकडे बघून बोलली, कारण ते मिटलेले होते. "तुम्ही यंदा आराम करा. पुढच्या खेपेला तुम्हाला आधी घेईन." भेकर निघून गेले. त्याच्यामागून ससा आणि साळिंदर गेले. खवले मांजर उलगडले तेव्हा गोट्यांवर कोणीच नव्हते. "सुट्टी झाली का, बाई?" त्याने विचारले. टिटवीला ते पुन्हा सांगावे लागले. दोनदा सांगितल्याने ते तिला जास्तच बोचले.

वानरांनी पाणवठ्याजवळची मोठी झाडे बघून शेवटच्या चार चौक्या पटकावल्या. सातवी, आठवी, नववी, दहावी. चाळिसावा दिवस आला, राखणदार आपापल्या चौकीवर बसले, आणि काही दिवसांनी करवंदे काळी झाली. शेकरूकाका ठरल्याप्रमाणे आले. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत त्यांनी सगळी रांग पाहिली. पहिल्या चौकीवर मोर, आणि असे करत करत दहावीवर एक धट्टेकट्टे वानर, शेपूट खाली सोडून बसलेले.

"दहाच्या दहा!" शेकरूकाकांची शेपटी आनंदाने फुलली. "टिटवे, मानलं तुला. पुढच्या वर्षी वीस घे."

सगळ्या रानाने टिटवीचे कौतुक केले. शाळा बंद कर म्हणणारे तर सगळ्यात पुढे होते. टिटवी नुसती मान हलवत राहिली. संध्याकाळी परतताना टेकाडाच्या उतारावर, दहाव्या चौकीच्या झाडाखाली, तिला खवले मांजर दिसले. ते वर वानराकडे टक लावून बघत होते.

"इथे काय करतोस रे?"

"शिकतोय, बाई. रोज येतो. तो कसा खाकरतो ते बघतो. पुढच्या खेपेला मला घेणार आहात ना?"

"घेणार तर," असे म्हणून टिटवी घाईघाईने उडाली.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी माळावर एका पायावर उभी होती. लांब गवतात काहीतरी तांबूस हलले. तिने निरखून पाहिले. एक, दोन, सात. सात रानकुत्री नाक जमिनीला लावून टेकाडाकडे निघाली होती. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. मोराने मान वळवून पाहिले आणि हाक दिली. दुसऱ्या चौकीने उचलली, तिसरीने उचलली, चौथी, पाचवी, सहावी. टिटवीने कान टवकारले. सातवीची हाक आली नाही.

ती तीरासारखी सुटली. सातव्या चौकीचे झाड रिकामे होते. आठवीचे रिकामे, नववीचे रिकामे. पलीकडच्या उताराला रायवळ आंबे पिकले होते आणि चारही वानरे तिथे आपल्या टोळीत बसून आंबे चोखत होती.

"चौकी सोडून आलात?" टिटवी किंचाळली.

"मोजून झालं की, बाई," आंब्याची कोय फेकत एक वानर म्हणाले. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. "करवंदं काळी होईपर्यंतच ठरलं होतं ना? आम्हाला चितळांच्या कळपात जागा घेऊन काय करायचंय? आमची टोळी आहे की आमची."

टिटवीजवळ बोलायला वेळ नव्हता. ती पाणवठ्याकडे झेपावली. खाली अख्खा कळप पाण्यात तोंड घालून उभा होता, पाडसे गुडघ्याएवढ्या पाण्यात खेळत होती. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. म्होरकीने एकदा वर पाहिले. मग तिने सवयीने दहाव्या चौकीकडे कान वळवला. तिकडून हाक आली नाही. "टिटवीच ती," असे म्हणून तिने मान पुन्हा खाली घातली.

जन्मभर टिटवी खोटी ओरडली होती आणि आज खरी ओरडत होती. तिची हाक खरी करणारे जे होते, त्यातल्या चार जागा तिने स्वतः विकल्या होत्या.

एवढ्यात उतारावर खडखड असा आवाज झाला. आधी एक गोटा घरंगळला, मग चार, मग एक गोल गठुडे खडकावर आपटत, उडत, आपल्या खवल्यांनी सगळा उतार वाजवत सुसाट खाली आले आणि धपकन कळपाच्या मध्ये पाण्यात पडले. चितळांनी असला आवाज कधी ऐकला नव्हता. विचार करायला कोणी थांबले नाही. एका उडीत सगळा कळप पाण्याबाहेर आणि दुसऱ्या उडीत रानात. रानकुत्री टेकाडावरून खाली आली तेव्हा एका पाडसाच्या मांडीवर त्यांना ओरखडा काढता आला, तेवढाच.

मग ती सातही त्या गठुड्यावर तुटून पडली. त्यांनी ते चिखलातून ओढले, चावले, पंजांनी लोटले, एकमेकांकडे ढकलले. टिटवी त्यांच्या डोळ्यांवर झडप घालत होती, पण सात कुत्र्यांपुढे टिटवी ती केवढी! ऊन चढले. दात दुखायला लागले तेव्हा कंटाळून ती निघून गेली. पाणवठ्यावर काही हालचाल उरली नाही. गठुडे तसेच मिटलेले होते.

टिटवी त्याच्याजवळ बसली. "खवल्या," तिने हाक मारली. "अरे, गेली ती. ऊठ." काही नाही. चितळे एकेक करून परत आली आणि लांब उभी राहिली. म्होरकी पुढे आली. टिटवी हाका मारतच राहिली, ओरडून नव्हे, अगदी हळू. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठे शेपूट थोडे सैल झाले. आतून एक डोळा दिसला.

"बाई," खवले मांजर म्हणाले, "वानर नव्हतं म्हणून मी चौकीवर बसलो होतो. तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं. पण मला ओरडता आलं नाही. मी मिटलो. उतार होता, म्हणून घरंगळलो. पुढच्या खेपेला मला घेणार नाही ना आता?"

टिटवीला एकदम रडू कोसळले. रानात टिटवीला रडताना तोवर कोणी पाहिले नव्हते.

त्याच दुपारी ती शेकरूकाकांच्या झाडाखाली गेली. "काका, तुमचे दहा खोटे आहेत," ती म्हणाली. "ज्यांना काम हवं होतं त्यांतल्या चौघांना मी घालवलं आणि ज्यांना नको होतं त्यांना बसवलं. तुमची मोजणी भरावी म्हणून. चार झाडांची फळं तुमची नव्हेत."

शेकरूकाका एक फांदी खाली उतरले. मग म्हणाले, "तू मला फसवलंस."

"हो."

"चार झाडं म्हणजे माझा अर्धा पावसाळा, टिटवे."

"हो, काका."

शेकरूकाका फांदीवर इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. त्यांना राग आला होता आणि तो कुठे काढावा ते सुचत नव्हते. शेवटी ते मटकन बसले. "आणि मी तरी काय पाहिलं? झाडावरून आलो, झाडावरून गेलो. शेपट्या मोजल्या आणि खूश झालो. तो आधी कुठे होता, हे एकालाही विचारलं नाही."

तेवढ्यात म्होरकी तिथे आली. "काका, सहा झाडं ठरल्याप्रमाणे तुमची," ती म्हणाली. "आणि सातवं खवल्याच्या नावानं."

टिटवी चपापली. खोटे आता तिला नकोच होते. "नाही हो, तो शिकलेला नाही. त्याला अजून हाक देता येत नाही."

"आम्ही पळालो की नाही?" म्होरकी म्हणाली.

टिटवी माळावर परतली आणि पुन्हा येरझाऱ्या घालू लागली, पण या वेळी वेगळ्याच विचाराने. तिला स्वतःला गळा होता, म्हणून तिने सगळ्यांना गळ्यानेच शिकवले होते. दुसऱ्या दिवशी ती त्या चौघांच्या घरी गेली, माफी मागितली आणि एवढेच विचारले, "तुम्ही घाबरलात की काय करता?" साळिंदर लाजत म्हणाले, "मी काटे सळसळवतो." ससा म्हणाला, "मी मागचा पाय आपटतो." भेकराने न बोलता पोकळ ओंडक्यावर खूर मारून दाखवला आणि तो आवाज टेकाडापलीकडे पोचला. खवले मांजरासाठी म्होरकीने स्वतः दहाव्या चौकीवर एक चांगला उतार शोधून ठेवला, खाली मऊ वाळू असलेला.

शेकरूकाकांनी पुढच्या वर्षीही खाणे दिले. थोडे कमी दिले, कारण थोडेच उरले होते, आणि देताना कुरकुर केली. पण हळू शिकणाऱ्यांना चाळीसऐवजी साठ दिवस दिले. मोजणीला मी दोनदा येईन, असेही त्यांनी बजावले. एकदा करवंदे काळी झाल्यावर आणि एकदा मला वाटेल तेव्हा, न सांगता.

त्या वर्षी नवे सात आणि जुने ते चार असे अकरा विद्यार्थी बसले. तिघे टिकले नाहीत; उरलेले आठ जण जुन्या सहा राखणदारांबरोबर चौक्यांवर वाटून बसले. दुसऱ्या मोजणीला शेकरूकाका झाडावरून न येता जमिनीवरून चालत आले. उन्हात त्यांचे पाय पोळत होते. प्रत्येक नव्या राखणदाराजवळ ते थांबत आणि एकच विचारत, "शाळेत येण्याआधी तू कुठे निजायचास?" कोणी म्हणाले ढोलीत, कोणी म्हणाले काट्यांत. नव्यांतला आठवा राखणदार दहाव्या चौकीवर उतारापाशी डोळे चोळत बसला होता.

"काय रे, तू कुठे निजायचास?"

"दगडाखाली," खवले मांजर म्हणाले. "एकटा."

"आणि आता?"

खवले मांजराने खाली पाणवठ्यावरच्या कळपाकडे पाहिले. "मध्ये," ते म्हणाले.

शेकरूकाकांनी त्या दिवशी आठ हा आकडा कोणाला सांगितला नाही. ते माळावर गेले, तेव्हा टिटवी भर दुपारी गोट्यांवर आडवी होऊन डुलकी घेत होती. तिचा एक पाय अजून आभाळाकडे होता. दुसरा मात्र तिने खाली टेकला होता.

तात्पर्य : मदतीतून किती जण उभे राहिले हे जरूर मोजावे, पण मोजण्याआधी प्रत्येकाला विचारावे की तो पूर्वी कुठे होता. जो आधीच उभा होता त्याला मोजून आकडा भरतो, पण जो पडलेला होता तो पडलेलाच राहतो.